लेकीच्या सिलिॲकसाठी स्वयंपाकघर बदलताना: सोलापुरातल्या नोंदी

लेक नऊ वर्षांची. तिला सिलिॲक आहे, म्हणजे गहू, जव यांतल्या ग्लूटेन नावाच्या प्रथिनानं आतडं बिघडतं. घरात ती, धाकटा मुलगा, बायको, माझी आई आणि मी. मी टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहितो, त्यामुळे खर्च टिपून ठेवायची सवय आहेच, त्यातूनच ही वही झाली. ज्यांच्याकडे रिपोर्ट नुकताच आलाय त्यांना उपयोग व्हावा म्हणून जशीच्या तशी टाकतोय. औषधपाण्याचं मात्र तुमच्या डॉक्टरांनाच विचारा.

8 जून 2024

बायोप्सीचा रिपोर्ट आला, सिलिॲकच. सिलिॲक ओळखायची रक्ताची टीटीजी टेस्ट आधीच वरच्या मर्यादेच्या दहापट निघाली होती, हिमोग्लोबिन 8.4, आणि दोन वर्षं आयर्नचं सिरप पाजून सुद्धा ते वर येत नव्हतं. उंची वर्गात सगळ्यात कमी, पोट पुढं आलेलं.

रक्ताचा रिपोर्ट आणि एंडोस्कोपी यांच्या मधे काही आठवडे गेले. त्यात प्रत्येक नातेवाइकानं सांगितलं की आता पोळी कशाला देताय, बंद करा. डॉक्टरांनी उलट बजावलं होतं की दुर्बीण होईपर्यंत गहू अजिबात थांबवायचा नाही, आधीच बंद केला तर आतडं भरून यायला लागतं आणि बायोप्सी फसवी येऊ शकते. तेव्हा ज्यांची बायोप्सी व्हायची आहे त्यांनी हे लक्षात ठेवा. माहीत असून पोरीच्या ताटात पोळी वाढायची म्हणजे कसं वाटतं ते विचारू नका.

आजपासून गहू, जव, राय बंद. राय (मोहरी नव्हे, परदेशातलं धान्य) आपल्याकडं कोण खातंय. जव मात्र माल्ट होऊन दुधात घालायच्या पावडरीत आणि कॉर्नफ्लेक्समधे येतो. रवा, मैदा, शेवया, दलिया, सातूचं पीठ, कुरडया सगळं बाद. ऑफिसात सगळे म्हणाले, ज्वारीचा मुलूख आपला, तुम्हाला काय अवघड आहे? मला पण तसंच वाटलं.

15 जून

स्वयंपाकघर रिकामं करून सगळं हॉलमधे मांडलं. स्टीलचं सगळं ठेवलं, घासलं की झालं. काढलं ते असं: पोळपाट-लाटणं, आईची काठवट, लाकडी उलथणी, पिठाची चाळण (जाळीत अडकलेली कणीक कितीही धुवा, उन्हात धरली की दिसते), जुना लोखंडी तवा, चरे पडलेलं नॉनस्टिक. काठवट आईच्या माहेरची, ती टाकली नाही, माळ्यावर ठेवली.

भांडी सोपी होती, बरण्यांनी घोळ घातला. मिठाची बरणी उघडली तर वरच्या थराला पिवळट खपल्या. आई कणीक मळता मळता त्याच हातानं मीठ घेते, कुणाची आई घेत नाही सांगा. तेच तेलाच्या बुधल्याच्या टोपणाला, तेच तुपाच्या डब्यात, पोळीला तूप लावून चमचा परत आत. सगळं बदललं.

मेतकूट बाद, आई त्यात मूठभर गहू भाजून घालते. थालीपिठाची भाजणी बाद, गहू. धपाट्याचं पीठ आम्ही ज्वारीत गव्हाचं पीठ आणि बेसन कालवून ठेवतो ते पण बाद.

नवीन तवा, परात, चाळणी, पोळपाट-लाटणं, झाकणाचे डबे मिळून 2,900 गेले.

23 जून

हिंग. ही नोंद सगळ्यांनी वाचा.

डबी रोजच्या फोडणीतली, वर्षानुवर्षं तीच. बायकोनं सहज मागची बारीक अक्षरं वाचली तर खाद्य डिंक, गव्हाचं पीठ, हिंग, या क्रमानं. म्हणजे आठ जूनपासून आम्ही ज्वारीची भाकरी आणि तांदूळ देतोय आणि प्रत्येक वरणात चिमूटभर गहू टाकतोय. खरा हिंग नुसता वापरता येत नाही इतका उग्र असतो, म्हणून तो पिठात बांधतात. काही कंपन्या तांदळाच्या पिठात बांधतात, तो शोधायचा. आमच्या पेठेतल्या दुकानात नव्हता, ऑनलाइन मिळाला, तोपर्यंत लसूण आणि ओव्यावर भागवलं.

हिंगामागोमाग यादी लांबत गेली. उडदाच्या पापडात हिंग. लोणच्याच्या मसाल्यात हिंग. मे महिन्यात घातलेलं कैरीचं लोणचं, अख्खी मोठी बरणी, नुकतं मुरत आलेलं. आई म्हणाली एवढ्याशा हिंगानं काय होतंय, तेलात तर आहे. मी पण दोन दिवस तिच्या बाजूनं होतो, खरं सांगतो. शेवटी बरणी बहिणीकडं पोचवली. लेकीसाठी लिंबाचं गोड लोणचं घातलं, त्याला हिंग लागत नाही.

2 जुलै

पंधरा दिवस पोट बरं होतं, आता परत दुखतंय, परत शाळेतून फोन. काय दिलं काय दिलं करून डोकं फिरलं. जेवणात संशयास्पद काहीच नाही, भाकरी, भात, वरण, भाजी, दही.

भाकरीचं पीठ आमच्या कोपऱ्यावरच्या गिरणीतलं. मी संध्याकाळी तिथं नुसता उभा राहिलो. माझ्या आधी एकाचं गव्हाचं दळण, मग माझी ज्वारी. जात्यातनं आलेलं पहिलं पीठ हातावर घेतलं तर ज्वारीसारखं पांढरं नाही, तांबूस. ते तसंच माझ्या डब्यात पडलं. आजवर कुणाला कळलं नाही कारण त्यानं कुणाचं काही बिघडत नाही, उलट भाकरी जरा नीट वळते.

गिरणीवाल्या अण्णांना सांगितलं. माणूस भला आहे. म्हणाले, "मालक, सकाळी उघडल्या उघडल्या पहिलं दळण तुमचं घेतो, झाडूनपुसून." केलं पण तसं. पण आदल्या रात्रीचं शेवटचं दळण गव्हाचं असतं, दगडाच्या टाक्यांमधे (खाचांमधे) पीठ बसलेलं असतं, पट्ट्यावर, सुपड्यावर, भिंतीवर, हवेत. ते काढायचं तर पाळी उचलून टाकी लावायला पाहिजे, ते काय रोज होणार. अण्णाच शेवटी म्हणाले, तुम्ही घरघंटी घ्या.

बेसन आणि तांदळाचं पीठ पण तिथूनच यायचं. म्हणजे आमच्या घरातलं एकही पीठ धड नव्हतं.

7 जुलै

मधल्या काळासाठी ऑनलाइन ग्लूटेन-फ्री ज्वारीचं पीठ मागवलं. एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षेची सरकारी संस्था) नियम असा की किलोमागं 20 मिलीग्रॅमच्या खाली ग्लूटेन असेल तरच ग्लूटेन-फ्री लिहिता येतं, त्यामुळे तसं लिहिलेलं पाकीट त्यातल्या त्यात भरवशाचं. नुसतं "गहू नाही" लिहिलेल्याला काही अर्थ नाही. "लो ग्लूटेन" नावाचा वेगळा प्रकार आहे, 20 ते 100 च्या मधला, तो सिलिॲकवाल्यांसाठी नाही, नावाला फसू नका.

पीठ सुरक्षित असेल, पण त्याची विरी (चिकटपणा) गेलेली. कधीचं दळलेलं कोण जाणे. आई थापायला बसली की कडेनं चिरा, उचलली की दोन तुकडे. उकळतं पाणी घालून, झाकून ठेवून, मळून मळून केली तेव्हा कशीबशी तव्यापर्यंत गेली, फुगली नाहीच. पुरीच्या आकाराच्या छोट्या थापल्या तर टिकतात. किलोला ज्वारीच्या दुप्पट-तिप्पट पैसे आणि खाणारी म्हणते पुठ्ठा. तयार ग्लूटेन-फ्री आटा, बिस्किटं, पास्ता असं सगळं मिळून दोनेक हजार घालवले, त्यातली बिस्किटं तेवढी संपली.

14 जुलै

सेकंडहँड घरघंटी घेतली, 6,500. ओळखीतलेच होते, चार वर्षं वापरलेली, वरून चकाचक. टेंपोचे 400 वेगळे.

घरी आणून खोलली. पीठ पडतं तो डबा, जाळ्या, कापडी पिशवी सगळं धुता येतं म्हणून मी खूश होतो. मग दळायच्या कप्प्याचं झाकण काढलं. पात्यांच्या मागं, स्क्रूंच्या खाचेत आणि खालच्या पत्र्याच्या घडीत पीठ दाबून दाबून बसलेलं, टोकरलं तर खडूसारखे तुकडे, त्यात किडे. व्हॅक्युम लावला, टूथब्रश, विणकामाची सुई, दिवस गेला. प्रत्येक वेळी झालं असं वाटून मशीन हापटलं की कुठून तरी पांढरी धूळ परत खाली. ते चार वर्षांचं गव्हाचं पीठ होतं. संध्याकाळी सोडून दिलं.

मालकांनी समजून घेतलं, पण 5,000 च परत दिले. टेंपो धरून 2,300 चा फटका (जाताना पुन्हा 400). घरघंटी जुनी घेऊ नका, एवढंच. मोटार कितीही चांगली असू द्या.

17 जुलै, आषाढी एकादशी

एक दिवस घरातलं प्रत्येक जण तिच्या पंक्तीला. साबुदाण्याची खिचडी, भगर, शेंगदाण्याची आमटी, राजगिऱ्याचा लाडू. उपासाला हिंग पण नसतो. साबुदाणा, वरी, राजगिरा, शिंगाडा कशातच ग्लूटेन नाही. लेकीनं विचारलं, रोज एकादशी का नाही करत? आई म्हणाली विठोबाला विचारते.

फक्त भगरीचं पीठ, राजगिऱ्याचं पीठ सुटं घेऊ नका, ते पण गिरणीतूनच येतं. अख्खं आणा.

4 ऑगस्ट

नवीन घरघंटी आली. एक एचपी, कपाटासारखी, 17,200. कंपनीच्या माणसानं सांगितलं पहिलं किलोभर धान्य दळून टाकून द्या, मशीनचा कचरा निघतो. रेशनचा तांदूळ दळून टाकला.

आधी एक्स्टेंशनवर लावली तर वायर गरम झाली. इलेक्ट्रिशियनकडून बोर्डापासून वेगळी लाइन आणि 16 अँपिअरचा सॉकेट करून घेतला, 1,150. विजेचं घाबरू नका, तासभर चालली तर पाऊण युनिटच्या आसपास. आवाज मात्र गिरणीसारखाच, दुपारच्या झोपेच्या वेळी लावू नका, वरच्या मजल्यावरच्या काकू येऊन गेल्या.

मशीनवर मार्करनं मोठ्या अक्षरात लिहिलंय: गहू नाही. आईनं शेजारणीला "तुमचं पण दळून देते की" म्हणून झालंच होतं, म्हणून लिहिलं.

11 ऑगस्ट

ज्वारी धुऊन दळायची असं ठरवलं, कारण धान्यातच गहू येतो. किराणा दुकानात एकच माप गव्हाच्या पोत्यातून ज्वारीच्या पोत्यात फिरतं, आणि शेतात एकच मळणी यंत्र सगळ्यांच्या रानात फिरतं. मालदांडी ज्वारी परातीत पसरली की गव्हाचा दाणा लगेच दिसतो, ज्वारी गोल मोत्यासारखी आणि गहू लांबट तांबडा. पाच किलोत चार-सहा सापडतातच. मसूर डाळीत पण सापडतात. निवडायचं काम आईचं, चष्मा लावून, टीव्हीसमोर, आणि तिच्या नजरेतनं सुटत नाही.

पण धुतलेली ज्वारी श्रावणात वाळणार कुठं? पंख्याखाली रात्रभर ठेवली, हाताला कोरडी लागली, टाकली मशीनमधे. पाच मिनिटांत जाळीला लगदा बसला, मोटार घुर्र करून बंद. जाळी काढून ब्रशनं साफ, थोडा कोरडा तांदूळ फिरवला, परत चालू झाली. तेव्हापासून पावसाळ्यात धुणं बंद, नीट निवडायची, ओल्या फडक्यानं पुसायची आणि मोठ्या कढईत मंद आचेवर जरा शेकायची. जास्त शेकली तर भाकरी थापताना त्रास देते, नुसती गरम झाली की बास.

आता दर रविवारी आठवड्याचं पीठ. ताज्या पिठाला विरी इतकी की भाकरी साध्या पाण्यात टम्म. आई म्हणते गिरणीपेक्षा बरी होते. ज्वारी आता ओळखीच्या शेतकऱ्याकडून पोत्यानं घेतो, मंगळवेढ्याकडची.

हरभरा डाळ दळताना हळूहळू सोडा, एकदम टाकली की अडकते. तीळ, शेंगदाणे, कारळं मशीनमधे अजिबात नको, तेल सुटून चिखल होतो. शेंगाचटणी आपली उखळातच.

18 ऑगस्ट

पोट शांत. ऑगस्टमधे शाळेतून एकही फोन नाही.

आता पोळीचं प्रकरण. सोलापूरची असून पोरीला डब्यात पोळीच हवी, कारण बाकीच्यांच्या डब्यात पोळी असते आणि भाकरी दुपारपर्यंत वाळते. नुसत्या तांदळाच्या पिठाची लाटली तर फाटते. मका घातला तर वास. बटाटा उकडून घातला तर गरम असताना फार भारी, मधल्या सुट्टीत रबर.

जमलेलं माप हे: एक वाटी ज्वारीचं पीठ, अर्धी वाटी तांदळाचं, दोन चमचे साबुदाणा मिक्सरला बारीक करून, एक छोटा चमचा इसबगोल, मीठ, चमचाभर तेल. दीड वाटीच्या आसपास पाणी उकळून त्यात सगळं घालून उकड काढायची, झाकून पंधरा मिनिटं, मग तेलाच्या हातानं खूप मळायची. इसबगोलामुळं ताण येतो, नाहीतर लाटताच येत नाही. प्लॅस्टिकच्या कागदात लाटायची, मध्यम आचेवर भाजायची, काढल्या काढल्या फडक्यात गुंडाळायची. दुपारी मऊ राहते. गव्हाच्या पोळीसारखी लागते का? नाही. तिला चालते.

इसबगोल जास्त पडलं तर पोळी ओशट चिकट होते आणि दुसऱ्या दिवशी पोट साफ, एवढं सांभाळा.

25 ऑगस्ट

मेव्हणा सांगलीहून पाच किलो खपली घेऊन आला. प्रेमानं आणला बिचाऱ्यानं, "हा जुना देशी गहू, शुगरवाल्यांना पण देतात, हा चालतो." नाही चालत. खपली हा गहूच आहे, ग्लूटेन आहे. शरबती, बन्सी, लोकवन, काळा गहू, सगळे एकाच माळेचे. हे मी आत्तापर्यंत इतक्या जणांना सांगितलंय की आता फोनवर मेसेज तयार ठेवलाय.

याच आठवड्यात घरातल्या सगळ्यांच्या रक्ताच्या टेस्ट केल्या, आईबाप आणि भावंडं यांना पण असू शकतो म्हणून. आमच्या तिघांच्या ठीक आल्या. धाकट्याची पुढं परत करायला सांगितलीय, आज नाही म्हणजे कधीच नाही असं नसतं.

मोठ्यांच्या पोळ्यांचं काय? सुरुवातीला वेगळा कोपरा, वेगळी परात असं केलं. पण कणीक चाळली की ओट्यावर, डब्यांवर, सगळीकडं पीठ बसतं, लेकीची भाजी शेजारी उघडी. शेवटी गहू घरातून काढला. मला आणि धाकट्याला पोळी हवी असली की पोळीभाजी केंद्रातून विकत आणतो, हॉलमधे वेगळ्या ताटल्यांत खातो. आई आणि बायको भाकरीवाल्याच. महिन्याला चार-पाचशे जातात पण डोक्याला ताप नाही.

11 सप्टेंबर, महालक्ष्म्या

गणपतीला आमच्याकडं कणकेचे तळलेले मोदक असतात. या वेळी उकडीचे. आईनं आयुष्यात केले नव्हते, पहिल्या घाण्याला सगळे फुटून सारण पाण्यात. पिठाला जाडी जाळी लावली होती. सगळ्यात बारीक जाळीवर तांदूळ परत दळला, उकड गरम असतानाच मळली, मग कळ्या पडायला लागल्या.

खरा पेच आज होता. महालक्ष्म्यांना पुरणपोळीचा नैवेद्य चुकवायचा नाही, यावर आई ठाम. आणि घरात कणीक आणायची नाही, यावर बायको ठाम. मी दोघींच्या मधे चहा पीत बसलो होतो. शेवटी काकूनं तिच्या घरी पोळ्या केल्या, पानावर ठेवायला झाकून आणल्या, नैवेद्य झाला की परत गेल्या. लेकीला वाटीत पुरण, वर तूप. पुरणात काय, हरभऱ्याची डाळ, गूळ, जायफळ. आंबील तर ज्वारीचीच. तिला पुरण एकटं जास्त मिळालं म्हणून धाकटा रुसला.

सत्यनारायणाचा प्रसाद म्हणजे रव्याचा शिरा, तो मोठा अवघड, कारण नाही म्हटलं की लोकांना वाईट वाटतं. आता शेजारच्या पूजेला जाताना आधी सांगून ठेवतो, ते केळं आणि साखर वेगळी काढून ठेवतात.

27 ऑक्टोबर, फराळ

चकलीच्या भाजणीत तांदूळ, हरभरा डाळ, उडीद, मूग, गहू नसतोच, घरी दळली, हिंग तांदळातला. चकली, शेव, पोह्याचा चिवडा, बेसनाचे लाडू, अनारसे सगळं झालं. अनारशाचं पीठ तांदूळ-गुळाचं, आईची हुकमी गोष्ट, जाळी अशी पडली की शेजारणी बघायला आल्या.

शंकरपाळे गेले. तांदळाचं पीठ, साजूक तूप, इसबगोल घालून लाटले, कापले, छान दिसत होते, तेलात टाकल्यावर विरघळले. कढईच्या तळाशी गोड वाळू. तूप कमी करून पाहिलं तर दगड. तूप, साखर, तेल आणि अर्धा दिवस वाया. करंजीची पारी पण चिरते. यंदा या दोन्ही नाहीत, कुणाला जमत असेल तर माप कळवा.

12 डिसेंबर

सहा महिन्यांची टेस्ट. टीटीजी बराच उतरला पण अजून मर्यादेच्या वरच. हिमोग्लोबिन 11.6. उंची वाढलीय, जूनमधला गणवेश वर चढलाय. मी शून्याची अपेक्षा करून गेलो होतो, डॉक्टर म्हणाले दिशा बरोबर आहे, इतका वर असलेला आकडा खाली यायला वर्ष किंवा जास्त पण लागतं. तरी घरात काही राहिलंय का बघा म्हणाले.

बघितलं. धाकटा दुधात माल्टवाली पावडर घेतो, तिचा चमचा तसाच साखरेच्या डब्यात. साखर तपकिरी ठिपक्यांची. जूनमधे मिठाची बरणी पकडली आणि साखरेची तशीच राहिली. पावडर बंद, आता दोघांना नाचणीचं सत्त्व, घरी केलेलं. धाकट्यानं निषेध नोंदवला आहे.

30 डिसेंबर, येळवस (वेळ अमावस्या)

गावी रानात जेवण. भज्जी (बेसन लावलेली मिश्र भाजी), बाजरीचे उंडे, ज्वारीची भाकरी, अंबील, आणि गव्हाची खीर. खीर सोडली तर पान तिचंच आहे. पण पीठ गावच्या गिरणीचं म्हणून आम्ही ज्वारी, बाजरी आणि बेसन घरून दळून नेलं, अख्ख्या भावकीला पुरेल एवढं, वेगळं ताट वेगळं जेवण असं पोरीला वाटायला नको म्हणून. वहिनींनी मनानं घेतलं आणि खीर शेवटी, लांबच्या चुलीवर केली. एकदा खिरीचा डाव भज्जीच्या पातेल्यात जाणार तेवढ्यात बायकोनं वरच्यावर पकडला. भज्जी वाचली.

9 फेब्रुवारी 2025

पुण्याला लग्न. केटररला फोन केला तर म्हणाला गव्हाचं काही नाही साहेब, फक्त ग्रेव्हीला थोडा मैदा लावतो. लावतो तर लावतो. पुलाव निवडता येतो पण चमचे सगळीकडं फिरतात आणि एकाच कढईत समोसे आणि पापड.

मग कडक भाकरी. सोलापूरची प्रसिद्ध आहेच, पण विकतची सगळी गिरणीच्या पिठाची, म्हणून घरी केली. भाकरी नेहमीपेक्षा खूप पातळ थापायची, वर तीळ, दोन्हीकडून भाजून झाली की गॅस बारीक करून फडक्यानं दाबत दाबत पाणी पूर्ण आटवायचं. घाई केली की मधे मऊ राहते आणि दोन दिवसांत बुरशी, पहिल्या खेपेला तेच झालं. नीट वाळली तर पंधरा दिवस काही होत नाही. शेंगाचटणी, तुपाची डबी, दही तिथं मिळतं. पंगतीत लेकीच्या शेजारी बसलेल्या पुण्याच्या दोन पोरींनी कडक भाकरी मागून मागून संपवली, परतीच्या प्रवासात तिला केळी आणि वेफर्स.

हॉटेलात जायची वेळ आली तर आम्ही इडली-चटणी घेतो, सांबार नाही, हिंगामुळं. डोशाचा तवा बघून घेतो, त्यावर रवा डोसा किंवा पराठा होत असेल तर उठतो. शंका आली तर दही-भात.

2 मार्च

आत्तापर्यंतचा हिशेब: भांडी 2,900, जुन्या घरघंटीत 2,300, नवी 17,200, वायरिंग 1,150, वाया गेलेली पाकिटं साधारण 2,000. एकूण 25,550. परत करायचं झालं तर पहिल्याच आठवड्यात नवी घरघंटी घेतली असती आणि पाकिटांच्या नादी लागलो नसतो. महिन्याचं धान्य पूर्वीएवढ्याच पैशात बसतं, कारण ज्वारी, तांदूळ, डाळी हेच खातोय.

मशीनची एक जाळी फाटायला आलीय, 180 ची नवी मागवलीय. पात्यांचा आवाज बदललाय, सर्व्हिसवाल्याला बोलावलंय, आणि त्याला आधीच सांगितलंय की हवा मारायचा पाइप आणि ब्रश आमचाच वापरायचा, तो दिवसभर लोकांच्या गव्हाच्या मशीन साफ करत फिरतो.

आता वाळवणं. गव्हाच्या चिकाच्या कुरडया बाद, तांदळाच्या कुरडया, ज्वारीच्या पापड्या, साबुदाण्याच्या चकल्या आणि आपल्या हिंगाचे उडीद पापड ठरलेत. गच्ची चार घरांची सामायिक आहे, शेजारी गहू धुऊन तिथंच वाळत घालतात. त्यांच्याशी बोलणं झालंय, टाकीकडची बाजू आमची, त्यांची जिन्याकडची, आणि वारं सुटलं की आमचं सगळं साडी टाकून झाकायचं.